बटईची शेळी

पहिला पगार झाला त्या दिवशी मी परभणीला जाऊन टेबलफॅन घेऊन आलो. गावात वीज नव्हती. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. रोज संध्याकाळी कंदिलाची काच मीच पुसत होतो. पण दुकानात तो पंखा असा काही मान वळवत होता, या गिऱ्हाइकाकडून त्या गिऱ्हाइकाकडे, की माझ्यावर नजर पडल्यावर मला त्याला नाही म्हणवेना. खोकं मांडीवर घेऊन एसटीनं आलो. लग्न होऊन बायको नुकतीच नांदायला आली होती. तिनं पंखा पाहिला, मग भिंतींकडे पाहिलं, मग छताकडे, आणि चहाचं आधण ठेवलं. नवऱ्याबद्दल मत बनवायला नव्या नवरीला वेळ लागतो म्हणतात. तिला तो लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात सातवीचा अख्खा वर्ग उभा. सगळ्यांच्या पुढे त्यांचे गुरुजी.

"मास्तर, पंखा काढा बाहेर," ते म्हणाले. "धडा हाय."

मी पंखा ओट्यावर आणून ठेवला. पोरं भोवती जमली. एकानं पात्याला बोट लावून फिरवून पाहिलं.

"गुर्जी, ह्याला काय लागतं?"

"वीज."

"ती कव्हा यायलीय?"

"सरकारला मालूम."

"मग मास्तरनं आत्ताच कामून घेतला?"

गुरुजी माझ्याकडे वळले. "सांगा. मी बी तेच इचारायलोय."

मी म्हणालो, "स्वस्त मिळाला."

"ऐकलं का रे लेकरांनो?" गुरुजी पोरांना म्हणाले. "ध्यानात ठेवा. हे दोन शब्द तोंडातून निघाले की आधी खिसा चाचपायचा." आणि वर्ग रांगेनं परत गेला. आत भांडं आदळल्याचा आवाज आला. ते हसू दाबताना हातून सुटलं होतं, हे बायकोनं मला पुढे बऱ्याच वर्षांनी सांगितलं.

आमचं गाव सोनपेठच्या अलीकडे, चालत गेलं तर तासा-दीड तासावर. शाळा सातवीपर्यंत. मी खालचे वर्ग बघायचो आणि गुरुजी सातवी. वयानं माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. उंच, वाळकुडे, पायजम्यावर नेहरू शर्ट, आणि खिशात कायम सुटी नाणी खुळखुळत. ते येण्याआधी त्यांचा आवाज यायचा. शिकवताना ते चालत. फळ्यापासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत, कधी कधी बोलता बोलता दारातून बाहेर पडून शाळेला वळसा घालून दुसऱ्या बाजूनं आत येत, आणि वाक्य तिथून पुढे चालू. पोरांना याची इतकी सवय झाली होती की गुरुजी बाहेर असले तरी माना त्या त्या बाजूला फिरायच्या. वर्गातली खुर्ची त्यांनी कधी वापरली नाही. आठवड्यात ज्यानं काहीतरी घ्यायचं टाळलं आणि का टाळलं हे नीट सांगितलं, तो सोमवारी खुर्चीवर बसे.

कारण त्यांचा खरा विषय गणित नव्हता, भूगोल नव्हता, पैसा होता. अभ्यासक्रमात त्याला जागा नव्हती. सरळव्याजाची उदाहरणं असत, पण त्यातला सावकारही कागदावरचा आणि कर्जदारही. गुरुजी म्हणत, "पोरगं सातवी शिकून बाजारात गेलं आन् लुटून आलं, तर मी काय शिकवलं?" म्हणून ते पोरांना बाजारातच नेत.

त्यांची परीक्षा अशी. सोनपेठच्या आठवडी बाजाराच्या या टोकाला पोराच्या मुठीत एक रुपया द्यायचा. पोरानं भज्यांच्या कढया, गोडीशेवेचे ढीग, फुगे, बांगड्या, सगळ्यातून चालत दुसऱ्या टोकाला जायचं आणि रुपया परत आणायचा. गुरुजी मूठ उघडायला लावत आणि नाण्याला बोट लावून बघत. ओलं असलं तर म्हणत, "घाम आला. म्हंजी जीव गेलता ह्याच्यात. पास."

एकदा एक पोरगं रुपया घेऊनही आलं आणि जिलबी खातही आलं. दुकानासमोर ते इतका वेळ उभं राहिलं होतं, की कंटाळून हलवायानं फुकट दिली. गुरुजींना कळेना, याला पास करावं की नापास. तो सगळा परतीचा रस्ता ते आमच्या पुढे जात होते, मागे येत होते. घरी जाताना म्हणाले, "मास्तर, फुकटची चटक ही खर्चाच्या वरची. पण कायद्यानं ते पोरगं बसतंय." निकाल त्यांनी राखून ठेवला. बहुधा अजून राखीवच असेल.

भेटल्यावर लोक विचारतात, काय घेतलं? गुरुजी विचारत, "आज काय घेतलं न्हाई?" सवाल उलटा यायचा आणि माणूस गोंधळायचा. माझी बायको गोंधळली नाही. पहिल्यांदा विचारलं तेव्हाच ती म्हणाली, "आज मी सोन्याच्या पाटल्या, एक मोटार आणि नवरा घेतला नाही."

"लय बचत केली वैनी," गुरुजी गंभीरपणे म्हणाले. "पण तिसरं गेल्या सालीच घेऊन बसलात."

आमच्याकडे ते चहाला येत, तोही दारात उभ्यानं. कपबशी हातात, एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. मी बायकोला म्हणालो, "यांना बसवत नाही एका जागी, स्वभावच तसा आहे." ती म्हणाली, "गावात त्यांना बसा म्हणणारी घरं किती आहेत हो?" मी मोजायला लागलो आणि बौद्ध वस्ती सोडली तर एका हाताची बोटंसुद्धा लागेनात. पुढच्या खेपेला तिनं ओट्यावर सतरंजी घातली आणि "भाऊजी, बसल्याशिवाय चहा मिळणार नाही" म्हणून कपबशी आपल्याच हातात धरून ठेवली. गुरुजी बसले. पण खरं सांगायचं तर बसल्यावरही त्यांचे गुडघे हलतच होते. तेव्हा आम्हा दोघांचंही थोडं थोडं बरोबर होतं.

वर्षातून एकदा ते एक मळकी नोट वर्गात आणत आणि हातोहात फिरवत. निजामाच्या राज्यात आपल्याकडे वेगळा पैसा चालायचा, हाली म्हणत त्याला. त्या नोटा त्यांच्या वडिलांच्या. मजुरीतून एकेक वाचवून छपराच्या बांबूच्या पोकळीत घालून ठेवलेल्या; जमिनीचा तुकडा घ्यायचा म्हणून. राज्य गेलं, मग काही वर्षांनी हाली गेला. बदलून घ्यायला मुदत होती, पण मुदतीचा कागद लागला चावडीवर. "चावडीच्या पायरीवर आमच्या बापाला कोण चढू देतंय? आन् चढला तरी वाचतंय कोण? मी तव्हा दूर गावी बोर्डिंगात शिकायलो होतो." वडील नोटा घेऊन जमीनवाल्याकडे गेले तेव्हा तो हसला म्हणे. बाकी काही नाही, नुसता हसला.

"बापाचा पैसा बसून राहिला," गुरुजी पोरांना सांगत. "माणसानं वाचवलं न्हाई असं न्हाई. वाचवलं, आन् वर बघितलंच न्हाई. पैसा ठेवायचा तर त्याच्याकडं रोज बघावं लागतं. जनावरासारखं." एवढं बोलून ते बाहेर पडत आणि शाळेला त्या दिवशी दोन वळसे होत.

पुढे त्यांची बदली झाली, तिकडे पूर्णेच्या बाजूला. एकदा मला ते चुडाव्याच्या स्टेशनावर दिसले. गाडीला उशीर होता. फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांच्या फेऱ्या चालल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर एक अनोळखी शेतकरी ओढल्यासारखा चालत होता. गुरुजी त्याला विचारत होते, "ह्या गाडीच्या टायमात तुमी काय काय घेतलं असतं, सांगा." शेतकऱ्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी त्याला सोडवलं आणि उरलेल्या फेऱ्या मीच मारल्या.

पण मला सांगायचंय ते शेळीचं, बदलीच्या आधीचं. घरात पोरांना मी हे कितीदा सांगितलं असेल. ती आता माझ्याआधी पुढचं वाक्य म्हणतात. तरी सांगतो.

सातवीच्या वर्गाची बचत डालड्याच्या डब्यात साठायची. पाच पैसे, दहा पैसे, कुणाचे बोरं विकून आलेले, कुणाचे मामानं हातावर ठेवलेले. डबा भरला की रक्कम शाळेच्या नावानं पोस्टात टाकायची, असा वरून नियम होता. त्या वर्षी दिवाळीपर्यंत साठ रुपये झाले. गुरुजींनी पोरांना विचारलं, "पोस्टात टाकले तर सालभरानं किती वाढतील?" पोरांनी गणित केलं. उत्तर ऐकून पोरांचीच तोंडं उतरली. मग कौसा नावाची मुलगी उठली. शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या घरातली. वर्गात मुलीच दोन, त्यातली एक. ती म्हणाली, "गुर्जी, साठाला शेळी येती. सालात दोन करडं तर कुठं गेली न्हाईत."

बटई गावात सगळ्यांना ठाऊक. जनावर एकानं विकत घ्यायचं, राखायचं दुसऱ्यानं. मूळ पैसा धन्याचा, राखण्याचे कष्ट दुसऱ्याचे, आणि वर जे वाढेल ते दोघांत निम्मं निम्मं. वर्गानं होकाराला हात वर केले. पांढऱ्या कानाची एक शेळी आली आणि कौसाच्या आईकडे, गिरजाबाईकडे, बटईनं गेली. रोज सकाळी हजेरी झाली की कौसा उभी राहून शेळीचं वर्तमान सांगायची: काल काय खाल्लं, पाणी किती प्यायली, पाय दुखत होता तो बरा झाला का. माघात ती म्हणाली, शेळी गाभण आहे. त्या दिवशी पोरं बाकावर टिकेनात. गुरुजी तर नव्हतेच टिकत.

आणि ऐन उन्हाळ्यात, शेळी महिन्याभरात व्यायची असताना, तालुक्याहून तपासणीला साहेब आले.

साहेबांनी पासबुक मागितलं. मग म्हणाले, "ह्यात तर काही जमा नाही. मुलांचे पैसे कुठं आहेत?"

"चरायला गेलेत साहेब," गुरुजी म्हणाले.

गुरुजींनी सगळं समजावून सांगितलं. साहेबांच्या कपाळाला घाम आला होता, तो पुसत त्यांनी विचारलं, "ह्याची नोंद कुठं केलीत?"

"डेडस्टॉक रजिस्टरात. शाळेत वस्तूंसाठी दुसरं रजिस्टर न्हाई."

"अहो, शेळी जिवंत आहे ना?"

"म्हणून तर शेरा दिलाय. चालू स्थितीत."

मी हसलो. मी एकटाच. साहेबांनी रजिस्टर मिटलं. पुढच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी मी परत येतो, म्हणाले. साठ रुपये पोस्टात दिसले पाहिजेत. नाही दिसले तर पोरांच्या पैशाचा अपहार म्हणून वर लिहावं लागेल, आणि मग नोकरीचं काय होईल ते माझ्या हातात राहणार नाही.

साहेब गेल्यावर मी म्हणालो, "गुरुजी, साठच रुपये ना? निम्मे तुम्ही घाला, निम्मे मी घालतो. भरून टाकू. शेळी राहील."

ते चालत होते, चालतच राहिले. "मी घातले तर लोक काय म्हणतील? खाल्ले होते, वरडल्यावर ओकले. दुसऱ्या कुणाला म्हणणार न्हाईत. मला म्हणतील. आन् मला एकट्याला म्हणून थांबतील व्हय? आमच्या वस्तीतली दोन पोरं डी.एड. करायलीत. त्यान्ला उद्या कोण पोरांजवळ उभं करील?" मग म्हणाले, "पोरांचा पैसा शेळीत गेलाय. शेळीतूनच यायला पायजे."

बाजाराच्या दिवशी पहाटे सगळी सातवी, गुरुजी, गिरजाबाई, शेळी आणि मी असे सोनपेठला निघालो. मी कशाला गेलो? घरी मला चैन पडेना. आदल्या दिवशी पगार झाला होता. तो बायकोकडे द्यायचाही राहिला, खिशातच होता.

जनावरांच्या बाजारात भाव बोलून करत नाहीत. रुमाल टाकतात, त्याखाली एकमेकांचे हात धरतात, आणि जितकी बोटं धरली तितके भाव. शेळीला एक बोट म्हणजे दहा रुपये, अख्खा पंजा म्हणजे पन्नास. बघणाऱ्याला काही कळत नाही. गुरुजींनी हे वर्गात शिकवलं होतं आणि ठरलं होतं की सौदा कौसा करणार. व्यापारी आला, पोरीला बघून हसला, तरी त्यानं रुमाल टाकला. हात बाहेर आले तेव्हा कौसाचं तोंड उतरलं होतं. तिनं गुरुजींच्या कानात सांगितलं. चार बोटं.

दुसरा व्यापारी आला. त्यानं पोटाला हात लावला. "गाभण हाय. मला कापायचं वजन पायजे, करडं घेऊन काय करू?" पंजा. त्याच्या पुढे सरकेना. आणि शेतकरी कोणी उभाच राहीना. चारा संपला होता, सगळेच विकायला आलेले. ऊन चढलं. शेळी धापा टाकायला लागली. गिरजाबाई लुगड्याच्या पदरानं तिला वारा घालत होती. पन्नासला विकावी तर मुदलातच दहाची खोट, आणि सहा महिने राखल्याचं तिच्या हाती काहीच नाही. गुरुजी बाजाराच्या त्या टोकाला जाऊन या टोकाला येत होते. नाण्यांचा आवाज मात्र नव्हता. खिशात हात घालून त्यांनी ती मुठीत दाबून धरली होती.

दुसरा व्यापारी उठला. "देता का? मी चाललो." कौसानं गुरुजींकडे पाहिलं आणि मान हलवणार, एवढ्यात मी म्हणालो, "थांब. मलाही एक शेळी घ्यायचीय."

मला शेळी घ्यायची नव्हती. मला फक्त साठ करायचे होते. पंजा आणि वर एक बोट. इतकं सोपं. मी तिच्यापुढे उकिडवा बसलो, रुमाल टाकला, हात घातला. आपल्याच शाळेतली मुलगी समोर, भोवती पोरांचा गराडा, हाताला धारा लागलेल्या. मी तिचा पंजा धरला. तो घामानं सुटला. मी पुन्हा धरला. मग एक बोट.

कौसानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून हो म्हणालो. तिनं रुमाल काढला आणि म्हणाली, "दिली. मास्तरला दिली. एकशेदहाला."

मी म्हणालो, "साठ."

"न्हाई मास्तर. तुमी दोनदा पंजा धरला. मी बघितलं की तुमच्याकडं. तुमी मान हलवली."

व्यापारी हसत निघून गेला. गुरुजी पहिल्यांदाच थांबले. त्यांनी वर्गाला गोल उभं केलं आणि भर बाजारात विचारलं, "गिऱ्हाईक चुकलंय. आता काय करायचं?"

एक पोरगं म्हणालं, साठच घ्यावेत, मास्तर आपलेच आहेत. दुसरं म्हणालं, रुमालाखालचा शब्द मोडला तर पुढच्या बाजारी आपलं बोट कोण धरील? तिसरं म्हणालं, निम्म्यावर मिटवा. कौसानं सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "साठाच्या वरचे पन्नास हायत. त्यातले पंचवीस माझ्या मायचे हायत. वर्गाला काय सोडायचं ते वर्गानं सोडावं. मायचं सोडायला तुमी कोण?"

मी पाकीट काढलं. "राहू द्या हो. मला तेवढ्यालाच घ्यायची होती."

"मास्तर खोटं बोलायलेत," गुरुजी वर्गाला म्हणाले, "पण नगद देऊन बोलायलेत. घ्या मोजून."

पोस्टात साठ आणि वर वर्गाचे पंचवीस, दोन्ही भरले. गिरजाबाईनं आपले पंचवीस कमरेच्या पिशवीत घातले आणि बाजारातून जाताना कशाकडे बघितलं नाही, सरळ चालली. परतीच्या वाटेवर गुरुजींनी मला विचारलं, शेळी ठेवणार कुठं? मी अंगण नसलेल्या माझ्या घराचा विचार केला. शेवटी ती गिरजाबाईकडेच गेली, बटईनं, त्याच खुंट्याला. शेळीच्या दृष्टीनं फक्त उन्हात एक फेरी झाली.

गाव जवळ आलं तसे गुरुजी माझ्या बाजूला आले. "मास्तर, साहेब आता काय लिवणार न्हाई. ते सुटलं. पण एक डोक्यातून जाईना. पोरांना मी इतकं शिकवलं. मूठ धरायला शिकवलं, भाव करायला शिकवलं. आन् आज गिरजाबाईच्या हाती चार पैसे पडले ते तुमच्या हाताला घाम आला म्हणून. हे कसं शिकवावं?"

ते थोडा वेळ माझ्याबरोबर चालले, मग झपझप पुढे निघून गेले.

घरी दिवेलागण झाली होती. उरलेला पगार मी बायकोपुढे ठेवला. फारसा नव्हता. मग काहीही न लपवता सगळं सांगितलं. रुमाल, पंजा, दुसरा पंजा. ती चुलीपुढे बसून भाकरी थापत होती, थापता थापता ऐकत होती. तिला रागवायला वेळ मिळू नये म्हणून मी बटई समजावून सांगायला लागलो: धन्याचा पैसा, राखणाऱ्याचे कष्ट, आणि जे वाढेल ते निम्मं निम्मं. परभणी शहरातली ती, तिला हे नवीन होतं. तिनं दोनदा विचारून नीट समजून घेतलं. भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला.

"चांगली रीत आहे," ती म्हणाली. "पुढच्या एक तारखेपासून तुमचा पगार माझ्याकडं बटईनं द्या. राखते मी. वाढला तर निम्मा तुमचा."